मापवही

पान एकशे चार. रेव्हरंड सुवार्ता मकासरे.
उंची, खांदा, बाही, सगळे आकडे तिच्याच अक्षरात.
मी बायकांची मापं घेत नाही,
आणि घरवाली तेव्हा खेडला, बाळंतपणाला.
ती म्हणाली, टेप द्या इकडे,
आणि पडद्यामागे आरशासमोर
स्वतःच स्वतःला मोजून आली.
छातीचा आकडा लिहिताना तिची पेन्सिल अडली नाही.
पंख्याकडे मीच बघत होतो.

मनामाच्या या गल्लीत तोवर
पाद्र्यांचे सात झगे शिवले होते मी.
एकोणचाळीस बटणं, गळ्यापासून घोट्यापर्यंत.
विचारलं, साहेब कधी येतील फिटिंगला?
म्हणाली, साहेब नाहीत. झगा माझाच.

बिलावर काय लिहायचं याची पंचाईत झाली.
तिच्या राहुरीत पाळकीण म्हणजे पाळकाची बायको.
तिची आई तशी पाळकीण होती,
पेटी वाजवायची, चटया झटकायची,
नाताळात दीडशे माणसांचा चहा उकळायची.
मग तुम्ही?
मी पाळक, ती म्हणाली. व्याकरणाचं तुम्ही बघा, मास्तर.

मास्तर तर तीही होती. आठवड्यातले चार दिवस
विद्यापीठात जुनी पत्रं शिकवायची.
या किनाऱ्यावर कधीकाळी मठ होते म्हणे, खजुरांच्या आड.
एकदा काजं होईपर्यंत बसली होती, तेव्हा सांगितलं,
कुणी एक साधू घरी लिहितो,
उकाडा फार आहे, वहाणा झिजल्या, पाठवा.
तुमच्या मेसमधल्या पोरांचं काय वेगळं असतं?

दुसऱ्या वर्षी आली: बाही दीड इंच लांब करा.
प्याला उचलते तेव्हा बांगडी दिसते,
आणि तिसऱ्या बाकावरचा एक जण उठून जातो.
बांगडी काढा, मी म्हटलं.
आईची आहे. बाही लांब करा.
तिसऱ्या वर्षी: बाही होती तेवढी करा.
तो आता बसतो?
नाही. मी दमले.

मग खिसा. आतून, खोल.
त्यात खडू असायचा, चष्मा,
आणि शवागाराच्या नंबरांची घडी घातलेली यादी.
त्या यादीत एका जुलैत माझा पुतण्या आला,
अश्रफ, वय तेवीस, सळया बांधता बांधता.
कागदांवर अरबी शिक्के, माझे हात लटलटणारे.
ती तीन दिवस माझ्याबरोबर रांगेत उभी होती,
मीच शिवलेल्या काळ्या झग्यात, त्या उन्हात.
एकदाही प्रार्थना करू का म्हणून विचारलं नाही.
खिडकीतल्या माणसाने विचारलं, तुम्ही याच्या कोण?
तिने अरबीत काहीतरी सांगितलं.
काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.
बॉक्स चौथ्या दिवशी विमानात चढला.

त्यानंतरच्या नोंदी बारीक आहेत.
कंबर सैल, एक इंच. गळा सैल.
मग उंची कमी, पाऊण इंच.
मी आखूड नाही झाले, पाठ वाकलीय, असं म्हणाली होती.
विद्यापीठाचा गाऊनही एकदा दुरुस्तीला होता,
त्याच्या शिलाईचे पैसे अजून यायचेत.

काल आली ती शेवटची.
परवाचं विमान, सामान बांधून झालेलं.
झगा टेबलावर ठेवला. नवी डिकन येतेय,
कोट्टयमची पोरगी, बारीक आहे, तिला उतरवून द्या.
शिवण उसवताना दुमडीतून खडूची पूड गळली,
आणि वाळू. इथे सगळ्यांच्याच दुमडीत असते.

बटणपट्टी उलगडली, तेव्हा हात थांबला.
बटणं पुरुषी बाजूला.
सवयीने लावली होती मी, पहिल्याच वेळी,
आणि बावीस वर्षं दर रविवारी
ही बाई ती उलट्या हाताने लावत आली.
बोलला का नाहीत?
ती टेप गुंडाळत होती, बोटाभोवती, नीट, माझ्यासारखी.
आधी वाटलं सांगावं. मग बोटांना कळलं.

आता बदलतो, म्हटलं. या पोरीसाठी तरी.
नको, ती म्हणाली.
ती येईल. तिलाच विचारा.